लोकरीच्या बेडकाचे सात अंगरखे

मित्रांनो, मी एक जुना गळ आहे. यातल्या 'जुना' या शब्दावर तुमच्यापैकी एखादा चिकित्सक वाचक हरकत घेईल, आणि ती मला अंशतः मान्य करावी लागेल. माझे पोलादी अंग जुने आहे, शिशाचे डोकेही जुने आहे. परंतु अंगावरचा लोकरीचा अंगरखा आजवर सात वेळा बदलला आहे आणि सातवा तर परवाचाच आहे. मग मला म्हातारा म्हणावे की दोन दिवसांचे मूल? माझ्यातला कोणता भाग 'मी' आहे? गेली सोळा वर्षे हा प्रश्न मी स्वतःला विचारीत आलो. उत्तर परवा सापडले. ते सांगण्यापूर्वी हकीकत सांगणे क्रमप्राप्त आहे.

माझा जन्म जालना जिल्ह्यातील शहागड येथे झाला, असे मी मानतो. अंगाचा पोलादी आकडा कुठल्या कारखान्यात वळला गेला ते मला ठाऊक नाही. पण ज्याला डोके नाही त्याला जन्मलेला कसे म्हणावे? आणि डोके मला शहागडला मिळाले. एकोणीसशे सत्त्याऐंशी सालच्या आषाढात, गोदावरीच्या पुलाअलीकडच्या एका ढाब्यामागे, समुद्रकाठच्या मुलखातून आलेल्या एका ट्रक-ड्रायव्हरने शेगडीवर पळीत शिसे वितळवले, मऊ दगडाच्या दोन कोरलेल्या तुकड्यांमध्ये आकडा धरला आणि वरून ते शिसे ओतले. क्षणभर जाळ झाला, मग धूर, मग मी.

या जड डोक्याचे प्रयोजन नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. साधा गळ पाण्यात आमिष घेऊन लोंबकळत राहतो. मी डोके खाली करून बुडतो. दोरीला हलका झटका दिला की उसळतो, सोडली की पुन्हा तोल सावरीत खाली येतो. माझे टोक सदैव वर असते, म्हणून तळच्या काडीकचऱ्यात अडकत नाही. थोडक्यात, मी पाण्यात उड्या मारतो. फक्त त्या उड्यांवर विश्वास बसावा असे रूप माझ्यापाशी नव्हते. मी नागडा होतो.

ड्रायव्हरच्या ट्रकचे चाक त्या वेळी शेजारच्या पंक्चरच्या दुकानात उघडले होते. दुकानदाराचे नाव धुळाजी. वय तिशीचे, घराणे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे हिंडलेले, मेंढरे वडिलांच्या वेळीच विकली गेली आणि हा रस्त्याच्या कडेला ट्यूबा जोडू लागला. त्या दिवशी त्याने एकाच ट्यूबला दोनदा चुकीच्या जागी ठिगळ लावले.

ड्रायव्हर हसून म्हणाला, "क्या भाई, ध्यान किधर है?"

"घरवाली बीमार हाय, आण्णा," धुळाजी म्हणाला. "एकवीस दिवस ताप व्हता. ताप गेला, पन तिचं खानं बी त्याच्याबराबर गेलं."

ही घरवाली म्हणजे साखराबाई. मुदतीच्या तापाने तिला सोडले होते; परंतु तिच्या तोंडाला अन्नाची शिसारी बसली होती. पेज पुढे केली की ती भिंतीकडे वळे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की, आठ दिवसांत अन्न पोटात जाऊ लागले नाही तर तिला उचलून मोठ्या दवाखान्यात न्यावे लागेल, आणि इतक्या उशिरा नेलेल्या माणसाची हमी ते देणार नाहीत. आठांपैकी दोन दिवस उलटले होते. त्या दोन दिवसांत तिने एकच इच्छा बोलून दाखवली होती: माहेरी नदीकाठी खाल्लेल्या मरळीचा रस्सा मिळाला, तर कदाचित दोन घोट उतरतील.

आता तुम्ही म्हणाल, गोदावरी दारात असताना मरळ मिळायला अडचण ती काय? अडचण होती. मरळ हा चिखलात, लव्हाळ्याच्या मुळाशी दडून बसणारा मासा. जाळे वरून फिरते आणि हा खाली स्वस्थ असतो. पिठाच्या गोळीकडे तो बघत नाही, गांडुळाने क्वचितच भुलतो. शहागडला तो धरण्याची एकच खात्रीची रीत होती, गळाला जिवंत बेडूक लावण्याची. आणि त्या वर्षी बेडूक लावण्याला बंदी होती.

कारण आषाढ निम्मा सरला तरी पाऊस आलेला नव्हता. गावातल्या बायकांनी धोंडी काढली होती. कडुनिंबाच्या डहाळ्यांत बेडूक बांधून दारोदार फिरवला होता आणि घराघरांतून त्यावर पाणी ओतले गेले होते. या कामात पुढे होत्या झुंबरबाई. सत्तरी ओलांडलेल्या, आवाज पुलापलीकडे ऐकू जाईल असा. त्यांनी पारावर सांगून टाकले होते, "पानी पडेस्तवर या गावात कुनी बेडकाला काटा टोचायचा न्हाई. ज्याच्या तोंडून पाऊस मागायचा, त्याच्याच तोंडात लोखंड घालता व्हय?" ही बंदी सरकारी नव्हती, त्यामुळे ती मोडण्याचे धैर्य कोणातही नव्हते. धुळाजीला तर ती मोडताच येत नव्हती. धोंडीवर पहिला तांब्या ओतला होता त्याच्याच आईने.

ड्रायव्हरने हे सगळे ऐकले. मग आपल्या पेटीतून काळी पिसे बांधलेला एक गळ काढून दाखवला, हवेत नाचवला आणि परत ठेवला. तो त्याला स्वतःला हवा होता. शेगडीजवळ थंड होत पडलेला मी त्याने धुळाजीच्या तळहातावर ठेवला.

"कांटा मेरा, कपडा तुम्हारा. घर में जो है, उसी का मेंढक बांधो."

"पन बांधायचं कसं, आण्णा?" हे धुळाजी विचारीपर्यंत ट्रक पुलाच्या मध्यावर गेला होता. अशा रीतीने मी एका अशा माणसाच्या हाती पडलो, ज्याने माझ्यासारखी वस्तू आयुष्यात एकदाच आणि तीही पाच मिनिटे पाहिली होती.

घर दुकानाच्या मागेच होते. ओसरीवर धुळाजीची आई जयवंताबाई चातीवर लोकर कातीत बसलेली होती. घोंगड्या कोणी घेत नसे. तरी तिचे कातणे चालूच होते. आतल्या खोलीत, दाराशी लावलेल्या बाजेवर साखराबाई निजलेली होती. दार उघडे असल्याने तिला ओसरी दिसे आणि ओसरीवरून ती.

"हे काय बोडकं आनलंस रे?" जयवंताबाईने मला उलटेसुलटे करून विचारले. तेव्हापासून त्या घरात माझे नाव बोडक्या पडले.

धुळाजीने बेत सांगितला. जिवंत बेडूक लावता येत नाही, तर लोकरीचा लावायचा. पाठीला तपकिरी लोकर, पोटाला पांढरी, मागे दोन पाय. म्हातारीने तो गंभीरपणे ऐकला. आयुष्यात तिच्याकडे लोकरीचे असे विचित्र काम कोणी आणले नव्हते, आणि माझ्या समजुतीने तिला त्याचा मनोमन आनंद झाला.

मला धरायला शिकंजा नव्हता. धुळाजीने दुकानातली पकड आणली, तिच्या जबड्यात माझा बाक दिला आणि मुठीवर ट्यूबचा रबरी तुकडा ताणून गुंडाळला. पकड मिटलेली राहिली आणि दोन्ही हात मोकळे झाले. ही युक्ती त्याची स्वतःची. तिच्याबद्दल मी त्याला आजही मान देतो, जरी पुढे त्याने केलेल्या चुकीबद्दल देत नसलो तरी.

चूक अशी. लोकर माझ्या दांड्यावर लावून वरून काळा दोरा गुंडाळला की ती फुगून मोकळी होई. जयवंताबाई म्हणाली, "खळ लाव की. खळीबिगर लोकर बसती व्हय?" खळ म्हणजे चिंचोक्याची. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून शिजवले की जी चिकट लापशी होते ती घोंगडीच्या सुताला चोळतात. सूत ताठ होते. या घरात चार पिढ्या लोकर आणि खळ एकत्रच नांदत आली होती. तेव्हा आईने खळ करून दिली, मुलाने ती माझ्या अंगाला चोपडली आणि मला उन्हात वाळत ठेवले.

संध्याकाळी मी इतका देखणा झालो होतो की शेजारपाजारचे बघायला आले. अंग कठीण, पाय ताठ, पाठ गुळगुळीत. हा माझा पहिला अंगरखा.

आम्ही पुलाखालच्या डोहावर गेलो. तिथे रायभान बसलेला होता. गावातला सर्वांत मुरलेला गळकरी. बेडूकबंदीमुळे त्याचा धंदा बसला होता आणि जीभ मोकळी झाली होती.

"काय धुळाजी, हे काय धरून राह्यला?"

"लोकरीचा बेडूक हाय, रायभानदादा. मरळीसाठी."

रायभानने मला बोटांत धरून बराच वेळ पाहिले. "मरळीला थंडी वाजून राह्यली का? घोंगडी पाठवून राह्यलास ते!"

मी पाण्यात पडलो. माझे पहिले बुडणे! आधी पिवळा उजेड, मग हिरवा, मग काळसर. मी अत्यंत उत्सुक होतो. मासा मला कोणत्या बाजूने पाहील? तो डोळ्यांवर विश्वास ठेवतो की अंगाला जाणवणाऱ्या हालचालीवर? याचा विचार करीत मी तळाशी टेकलो आणि मला जाणवले की माझे अंग विरघळत आहे. खळ पाण्याने मऊ झाली, ढगासारखी पसरली. चिमुकल्या मासळीचा थवा आला आणि ती खळ चाटू लागला. मरळ एकही आली नाही. धुळाजीने मला ओढून काढले तेव्हा अंगावर चार केस लोंबत होते.

"खळ पातळ झाली असंल," जयवंताबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खळ दाट केली. ती विरघळायला थोडा अधिक वेळ लागला, इतकाच फरक. तिसऱ्या दिवशी लोकरीऐवजी शेळीचे राठ केस घेतले, पण चिकटवायला पुन्हा खळच. तो अंगरखा दोराच्या झटक्याबरोबर गोल फिरून माझ्या टोकावर येऊन बसला. तीन दिवस, तीन अंगरखे, आणि तिन्हींतही दोष असलेली एकच वस्तू. असा आक्षेप घेतला जाईल की, दिवसभर ट्यूबा जोडणाऱ्या माणसाला ही गोष्ट दिसू नये हे असंभाव्य आहे. माझे उत्तर असे की, दुकानातली विद्या तो दुकानात ठेवून येई. घरात लोकरीचा प्रश्न निघाला की तो पंक्चरवाला राहत नसे, मेंढपाळाचा मुलगा होई. आणि मेंढपाळाच्या मुलाला खळीवाचून दुसरे काही सुचत नव्हते.

डॉक्टरांच्या आठ दिवसांतले पाच सरले होते. साखराबाईने त्या दिवशी दोन चमचे पाणी घेतले होते. धुळाजी ओसरीवर चौथ्या वेळी पकड घेऊन बसला.

तोच आतून आवाज आला. इतका बारीक की प्रथम कोणाला कळला नाही.

"आवं... दिवसभर टूबा चिटकवता, अन्‌ घरी आल्यावर चिंचोका?"

धुळाजीने मान वर केली. बाजेवर साखराबाई कुशीवर वळली होती. तीन दिवस ती आमची फजिती पाहत होती, हे आम्हा कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

"काय म्हनलीस?"

"पान्यात जायचं ते. तुमच्या दुकानातलं सुलेशन कशाला हाय मंग? टूब पान्यात बुडवून बगताच ना तुमी?"

धुळाजीने आईकडे पाहिले. आईने चातीकडे पाहिले. मी पकडीत उभा होतो, त्यामुळे मला सगळ्यांकडे पाहता आले.

"आन्‌ दोरा कोरडा गुंडाळून राह्यले," साखराबाई पुढे म्हणाली. बोलताना तिला धाप लागत होती, पण थांबवत नव्हते. "ही बाज इनली तवा सुंभ भिजवलं व्हतं का न्हाई? कोरडं सुंभ आवळंल का? आना इकडं."

पकड, मी, दोरा आणि लोकरीची लड असे सगळे बाजेवर गेले. जयवंताबाईने उशाशी ताटली ठेवली. नेहमीप्रमाणे त्यात ताकात कुस्करलेली भाकरी होती आणि नेहमीप्रमाणे ती तशीच परत येईल असे ती धरून चालली होती. साखराबाईने दोऱ्याचे टोक तोंडात घेऊन ओले केले. मित्रांनो, पाच दिवसांत तिने आपणहून तोंडात घेतलेली ही पहिली वस्तू होती.

तिची बोटे काटक्यांसारखी झाली होती. तरी त्यांनी ओला दोरा माझ्या दांड्यावर एकाशेजारी एक असा बसवला, लोकर न लावता, नुसता पाया म्हणून. मग त्यावर एक गाठ मारली आणि दोरा दातांत धरून आवळला. त्या गाठीने मला जे धरले ते आजतागायत धरून आहे. पुढे पांढरी लोकर पोटाशी, तपकिरी पाठीला, शेळीच्या केसांचे दोन झुबके पाय म्हणून. प्रत्येक थराला दोरा ओला. मधूनच ती थांबे, मला दूर धरून पाही आणि विचारी, "आत्याबाई, बेडूक बसतो तवा त्याचा मागचा पाय आत असतो का भाईर?"

"भाईर," जयवंताबाई म्हणाली.

"आत," धुळाजी म्हणाला.

"तुमी न्हाई, आत्याबाईला इचारलं." आणि साखराबाई हसली. पायाचा विचार करता करता तिचा डावा हात उशाशी गेला, ताटलीत बुडाला आणि तोंडाकडे आला. ती बेडकाच्या पायाचे केस कापीत होती. पुन्हा हात गेला. पुन्हा तोंडाकडे आला.

धुळाजीने ते पाहिले आणि तोंड उघडले. जयवंताबाईने त्याचे मनगट धरले. "बोलू नको," ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली. "बोललास तर थांबंल ती."

धुळाजीने तोंड मिटले. चौथा अंगरखा पुरा झाला तेव्हा ताटलीत निम्मी भाकरी उरली होती. दुकानातून सोल्युशन आणून गाठींवर चोपडले गेले आणि मला सावलीत टांगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन धुळाजी निघणार, तोच दारात झुंबरबाई उभ्या. बातमी पारापर्यंत पोहोचली होती.

"दाखव काय धरलंस. बेडूक लावून राह्यला म्हने तू?"

"लोकरीचा हाय, झुंबरकाकू."

त्यांनी मला हातात घेतले. पाय ओढून पाहिले, पोट दाबून पाहिले. "पोट हाय, पाय हायत, पाठ हाय. मंग ह्यो बेडूक न्हाई तर काय? उद्या गावातली पोरं म्हनतील धुळाजीनं लावला, आमी बी लावतो."

हा आक्षेप पोकळ नव्हता. बंदी बेडकाच्या जिवासाठी होती की बेडकाच्या रूपासाठी? जिवासाठी असेल तर मी निर्दोष. रूपासाठी असेल तर मी खऱ्या बेडकाइतकाच गुन्ह्याचा. उत्तर बाजेवरून आले.

"काकू, वरडाया सांगा त्याला."

"आं?"

"पाऊस कुनाच्या वरडन्यानं येतो? त्याला वरडाया सांगा. वरडला तर ठिवून घ्या."

झुंबरबाईंनी मला कानाशी नेले. खरोखर नेले. काही क्षण ऐकले, आणि मग त्या आत बाजेकडे पाहत राहिल्या. त्यांना वाटले होते, इथे मरणाच्या दारातली बाई असेल. ती भांडत होती.

"न्हाई वरडत," झुंबरबाई म्हणाल्या आणि मला परत दिले. "मुका हाय. मुक्याचं पावसाशी काय काम? जा, लाव."

डोहावर रायभान होताच. त्या वेळी त्याने टोमणा मारला नाही, इतका मी बरा दिसत होतो. मी बुडालो. पिवळा उजेड, हिरवा, काळसर. अंग शाबूत. धुळाजीने झटका दिला, मी उसळलो, पाय मागे फाकले आणि परत मिटले. मी अगदी खराखुरा पोहलो! लव्हाळ्याच्या मुळाशी काहीतरी हलले. मला नेहमी कुतूहल होते की मासा का धरतो. भुकेने, रागाने, की हे काय आहे ते पाहण्यासाठी? माशाला हात नाहीत. एखादी वस्तू तपासायची तर त्याला तोंडाशिवाय साधन नाही. तो शेवटचा हेतू असेल तर आम्ही दोघे एकाच स्वभावाचे होतो. मरळ आली, अंधारासारखी आली, आणि माझ्यावर मिटली.

ओढाताण फार झाली. दोर रायभाननेही धरला. पुढे तो म्हणे, एकट्यानेच काढली. हातभर लांब, काळीशार मरळ काठावर आली. तिच्या दातांत माझ्या पाठीची लोकर अडकलेली होती.

दुपारी रस्सा झाला. साखराबाईने वाटी हातात घेतली, घोट घेतला, डोळे मिटले. सगळे घर तिच्या तोंडाकडे बघत होते. ती म्हणाली, "मीठ कमी हाय." जयवंताबाई पदर तोंडाला लावून ओसरीवर गेली आणि मीठ आणायला विसरली.

डॉक्टरांनी सातव्या दिवशी तपासले आणि दवाखान्यात हलवण्याची गरज नाही असे सांगितले. त्यानंतर गावात या यशाचे श्रेय कोणाला द्यावे याबद्दल मतभेद झाले. रायभानने ते मरळीला दिले. झुंबरबाईंनी धोंडीच्या बेडकाला दिले. त्याच आठवड्यात पाऊसही आल्याने त्यांचा पक्ष बळकट झाला. धुळाजी मला श्रेय देई. मी तिथे हजर होतो, आणि मला हे श्रेय नाकारणे भाग आहे. मरळ डोहात असतानाच निम्मी भाकरी गेलेली होती. ती कशाने गेली, हे तुम्ही वाचलेच आहे.

पुढची दहा वर्षे माझ्या भरभराटीची. मरळीने फाडलेला चौथा अंगरखा साखराबाईने त्याच पायावर पुन्हा बांधला, तो पाचवा. तो विरला तेव्हा सहावा. पाऊस येऊन बंदी उठली, तरी धुळाजीने जिवंत बेडूक पुन्हा कधी लावला नाही. एके दिवशी रायभान स्वतः ओसरीवर आला.

"वहिनी, एक बेडूक बांधून द्या की."

"बांधून न्हाई देनार," साखराबाई म्हणाली. "बसा. दोरा तोंडात घ्या."

रायभानसारखा मिशाळ माणूस तोंडात दोरा धरून बसला, आणि त्याच्या पहिल्या बेडकाला तीन पाय आले. मग आणखी कोणी आले. मी मधे पकडीत उभा राही, नमुना म्हणून. लोक मला बघून बांधीत. चुकलेले सोडून पुन्हा बांधीत, आणि माझ्या पाहण्यात ज्याने अधिक वेळा सोडले त्याला अधिक लवकर आले. एक ड्रायव्हर तर मोठा देखणा बेडूक बांधून घेऊन गेला आणि ट्रकच्या आरशाला लिंबू-मिरचीशेजारी टांगला. त्या बिचाऱ्या माझ्या भावाने पाणी पाहिले असेल का, याची मला आजही रुखरुख आहे.

मग बाजारात रबरी बेडूक आले. चकचकीत पिशवीत, डोळ्यांना रंग दिलेले. ओसरीवर येणारे कमी झाले. जयवंताबाई गेली, तिची चाती फडताळावर गेली, आणि मी ठिगळांच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डबीत. डबीचे झाकण लागले. आत उजेड नव्हता, पण कसर होती. तो बारीक किडा माझी लोकर खात राहिला. मी किती वर्षे तिथे होतो हे मला मोजता आले नाही. माझे अंग कमी होत असल्याचे मात्र कळत होते.

परवा झाकण उघडले. दोन हजार तीन साल असल्याचे भिंतीवरच्या कॅलेंडरने सांगितले. साखराबाईचे केस पिकले होते. ओसरीवर धुळाजी बसला होता, पण नुसता. रस्ता रुंद व्हायचा म्हणून पंक्चरचे दुकान मोडून झाले होते. तीस वर्षे ज्या जागी चाके उघडली तिथे आता खडी पडली होती. त्याच्या पुढे ताटली होती. तिच्यावर माश्या बसत होत्या. त्याने अन्नाला हात न लावल्याचा तो तिसरा दिवस होता, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळले.

"टाकून दे ते," माझ्याकडे पाहून तो म्हणाला. "कसरीनं खाल्लं. इकत नवे भेटतात."

साखराबाईने पकड आणली, मला जबड्यात दिले, मुठीवर रबर चढवले आणि सगळे त्याच्या मांडीवर ठेवले. वर एक पाते दिले.

"सोडा हे. मला बारीक दिसत न्हाई आता."

त्याने पाते उचलले. मग हात आपोआप चालू लागले. कुजलेली लोकर निघाली, सहाव्याचे दोरे निघाले, पाचव्याचे धागे निघाले. खाली काळा, घट्ट, एकाशेजारी एक बसलेला पाया उघडा पडला आणि त्यावर एक गाठ. पाते तिथे अडकले. धुळाजीने नखाने ओढून पाहिले. गाठ हलली नाही.

"ही कवाची गं?"

"तुमी चिंचोका लावत व्हता तवाची," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्या सोळा वर्षांच्या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी मला मिळाले. पोलाद दुसऱ्यांनी घडवले, शिसे दुसऱ्याने ओतले, लोकर तर येत-जात राहिली. बोडक्या नावाचा जो कोणी आहे, तो अशक्त बोटांनी, ओल्या दोऱ्याने, दातांत आवळलेल्या त्या गाठीपासून सुरू होतो.

धुळाजीने पाते बाजूला ठेवले. "ही ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. त्याने दोऱ्याचे टोक तोंडात घेतले. "लोकर कुठं हाय? तपकिरी काढ. न्हाई, ती न्हाई, त्याच्याहून गडद. आन्‌ पाय आत असतो का भाईर, तवा काय ठरलं व्हतं?"

"आत," साखराबाई म्हणाली.

"भाईर! आई भाईर म्हनली व्हती!"

"मंग तसं करा."

वाद घालताना त्याचा डावा हात ताटलीकडे गेला, माश्या उडाल्या. साखराबाईने आपली नजर मुद्दाम रस्त्याकडे वळवली.

तुमच्या घरीही अशी एखादी डबी असेल. ती उघडा, एवढीच माझी विनंती आहे. आत कसर लागलेले काही सापडले तर फेकू नका, काचेच्या कपाटातही ठेवू नका. घरातल्या कोणा गप्प बसलेल्या माणसाच्या मांडीवर ठेवा, सोडायला सांगा, आणि तो सोडू लागला की काही बोलू नका.